बोटाबरोबर सरकणारा नकाशा

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला नकाशा एका जागी स्थिर असतो. त्याचे प्रमाण एकदाच ठरते आणि नावे एकदाच छापली जातात. पाहणाऱ्याला काही बारीक पाहायचे असेल तर त्यालाच दोन पावले पुढे जावे लागते. मोबाइलच्या पडद्यावरील नकाशाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे पाहणारा जागेवर असतो आणि नकाशा हलतो. बोट डावीकडे नेले की भूमी डावीकडे सरकते. दोन बोटे फाकवली की जिल्ह्याचा तालुका होतो, तालुक्याचे गाव होते आणि गावातील गल्ली दिसू लागते. ही क्रिया आता इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यामागे काही योजना असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नकाशा अडखळला, पांढरा पडला किंवा हिसके देऊ लागला, की मात्र ती योजना किती नाजूक आहे हे ध्यानात येते.

संगणक क्षेत्रात काम करणारे आम्ही काही माजी विद्यार्थी प्रस्तुत लेखात ही योजना उलगडून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत. विषय तांत्रिक असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नाही. शेताच्या गटाची हद्द, दवाखान्याचा रस्ता, मुलाच्या परीक्षा केंद्राचे ठिकाण या सर्व गोष्टी आज नकाशातून शोधल्या जातात. महागड्या फोनवर अलगद सरकणारा नकाशा साध्या फोनवर आणि क्षीण नेटवर्कवर उघडतच नसेल, तर ज्याला त्याची अधिक गरज आहे तोच त्यापासून वंचित राहतो. म्हणून नकाशाचा ओघवतेपणा ही आम्हाला केवळ शोभेची बाब वाटत नाही.

पान पुन्हा उघडण्याचा काळ

इंटरनेटवर नकाशा पाहण्याची सोय जुनी आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने १९९३ मध्येच जगाचा नकाशा दाखवणारी एक सेवा सुरू केली होती. तेथे आणि नंतरच्या सुमारे दहा वर्षांतील बहुतेक सेवांमध्ये पद्धत एकच होती. पूर्वेकडचा भाग पाहायचा असेल तर नकाशाच्या कडेचा बाण दाबायचा. मग दूरच्या सर्व्हरने नवे संपूर्ण चित्र तयार करायचे, ते पाठवायचे आणि सगळे पान नव्याने उघडायचे. प्रत्येक पावलाला काही सेकंदांची प्रतीक्षा असे. नवे चित्र येईपर्यंत आधीचे ठिकाण कोठे होते याचा अंदाजही सुटून जाई.

फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स ही सेवा लोकांसमोर आली आणि हे चित्र बदलले. तिचे मूळ ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात होते. लार्स आणि येन्स रासमुसेन हे बंधू, तसेच नोएल गॉर्डन आणि स्टीफन मा यांनी ‘व्हेअर टू टेक्नॉलॉजीज’ ही छोटी कंपनी काढली होती. २००४ मध्ये गूगलने ती विकत घेतली. नव्या सेवेत पान पुन्हा उघडावे लागत नसे. नकाशा माउसने धरून ओढता येई, आणि कडेला उघडा पडलेला भाग मागाहून आपोआप भरला जाई. ही किमया साधली ती नकाशाचे तुकडे करून.

फरश्यांचा नकाशा

आपण जमिनीवर फरश्या बसवतो, त्याप्रमाणे येथे संपूर्ण जगाचा नकाशा लहान चौकोनी तुकड्यांत कापलेला असतो. या तुकड्यांना टाइल म्हणतात. प्रत्येक टाइल सामान्यतः २५६ पिक्सेल लांब आणि तितकीच रुंद असते. सर्वांत वरच्या, म्हणजे शून्याव्या पातळीवर सारे जग एकाच टाइलमध्ये मावते. पहिल्या पातळीवर त्या टाइलच्या चार होतात, दुसऱ्या पातळीवर सोळा. प्रत्येक पातळीला संख्या चौपट होत जाते. दहाव्या पातळीवर ती १०,४८,५७६ होते आणि अठराव्या पातळीवर सुमारे ६,८७२ कोटी.

हा आकडा छाती दडपवणारा आहे, परंतु पाहणाऱ्याला त्यातल्या किती टाइल लागतात? फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद आणि ८०० पिक्सेल उंच धरला, तर तो झाकायला फार तर तीन स्तंभ आणि पाच ओळी, म्हणजे १५ टाइल पुरतात. पातळी कोणतीही असो, ही संख्या वाढत नाही. जग कितीही बारकाईने दाखवायचे असले तरी एका वेळी आणायचे तुकडे मोजकेच असतात. साऱ्या व्यवस्थेचा पाया हाच आहे.

दुसरी सोय अशी, की प्रत्येक टाइलला पत्ता असतो: पातळी, स्तंभ आणि ओळ असे तीन आकडे. हा पत्ता कोणाला विचारावा लागत नाही, तो गणिताने काढता येतो. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत करून पाहावे. नागपूरच्या दीक्षाभूमीचे रेखांश सुमारे ७९.०७ अंश पूर्व आहेत. त्यात १८० मिळवावे, ३६० ने भागावे आणि दहाव्या पातळीवरील स्तंभांची संख्या १०२४ हिने गुणावे. उत्तर ७३६.९ येते. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्याने दीक्षाभूमी ७३६ क्रमांकाच्या स्तंभात येते. ओळीचे सूत्र थोडे कठीण असून त्यात त्रिकोणमिती आणि लॉगरिदम लागतात, पण तत्त्व तेच आहे. फोन हे गणित क्षणात करतो आणि नेमक्या त्याच टाइलची मागणी नोंदवतो.

गोल पृथ्वी चौरसात बसवण्यासाठी जी पद्धत वापरली जाते, ती गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणावर आधारलेली आहे. ध्रुवांकडे ही पद्धत अनंतापर्यंत ताणली जाते, म्हणून उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे सुमारे ८५.०५ अंशांवर नकाशा कापतात. तेथे कापला की तो बरोबर चौरस होतो. या पद्धतीत लहान क्षेत्राचा आकार बिघडत नाही, रस्त्यांचे काटकोन काटकोनच राहतात. मोठ्या क्षेत्रांची तुलना मात्र फसवी ठरते. या नकाशावर ग्रीनलंड भारतापेक्षा अवाढव्य दिसते. प्रत्यक्षात भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंडचे सुमारे २२ लाख. सोयीसाठी आपण कोणती किंमत मोजतो, हे नकाशा पाहताना लक्षात ठेवलेले बरे.

सेकंदाचा साठावा भाग

तुकडे आले म्हणजे नकाशा सरळ सरकतोच असे नाही. बहुतेक फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा १२० वेळा रंगवला जाणारा असेल तर ८.३ मिलिसेकंदच. एवढ्या वेळात बोट कोठे आहे ते वाचायचे, नकाशा किती सरकला ते काढायचे आणि नवे चित्र सिद्ध करायचे. काम वेळेत आटोपले नाही, तर तेवढ्या क्षणापुरते जुनेच चित्र पडद्यावर राहते. एखादे चित्र चुकले तर डोळ्याला फारसे कळत नाही. लागोपाठ चार-पाच चुकली की नकाशा बोटाच्या मागे रेंगाळतो आणि मग एकदम उडी मारतो. याला आपण नकाशा ‘अडकला’ असे म्हणतो.

म्हणून पहिला नियम असा, की बोट हलत असताना नकाशा नव्याने काढायचा नाही, काढलेला सरकवायचा. काचेवर ठेवलेले छायाचित्र जसे उचलून न घेता ढकलता येते, तसे आधीच तयार असलेले टाइलचे चित्र नव्या जागी ठेवले जाते. चित्र सरकवणे, ताणणे किंवा फिरवणे ही कामे फोनमधील ग्राफिक्स प्रोसेसर फार झपाट्याने करतो, कारण त्याची घडणच हजारो बिंदूंवर एकाच वेळी सारखी क्रिया करण्यासाठी झालेली असते.

दुसरा नियम कामाच्या विभागणीचा. टाइल उलगडणे, त्यातील माहिती वाचणे, नावांची जागा ठरवणे ही वेळखाऊ कामे आहेत. बोटाची हालचाल टिपणाऱ्या मुख्य प्रवाहातच ती घातली, तर बोट अडते. म्हणून ती बाजूच्या स्वतंत्र प्रवाहाकडे सोपवतात. लग्नघरात पंगतीत वाढणाऱ्यालाच भाकऱ्या भाजायला बसवले तर पंगत थांबते. तसेच हे आहे. वाढणारे वेगळे आणि चुलीपाशी बसणारे वेगळे असावे लागतात.

तिसरी बाब बोट उचलल्यानंतरची. बोट उचलताक्षणी नकाशा जागच्या जागी थिजला, तर तो निर्जीव वाटतो. खरी वस्तू ढकलली की ती थोडी पुढे जाऊन थांबते. म्हणून बोटाचा शेवटच्या काही क्षणांतील वेग मोजून नकाशा त्या दिशेने थोडा पुढे जाऊ देतात आणि हळूहळू थांबवतात. शरीराला परिचित असलेली गती पडद्यावर दिसली, की मन तिचा वेगळा विचार करीत नाही.

टाइल येईपर्यंत काय दाखवायचे

टाइल दूरच्या सर्व्हरवरून येते. प्रकाशीय तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. वेग प्रचंड असला तरी जाण्यायेण्याचे अंतर, मधले थांबे आणि मोबाइल टॉवरवरची गर्दी मिळून विलंब होतोच. १६.७ मिलिसेकंदांच्या हिशेबात तो फार मोठा असतो. तेव्हा टाइलची वाट पाहत नकाशा थांबवता येत नाही. वाट पाहण्याचा काळच झाकावा लागतो, आणि त्यासाठी काही युक्त्या रूढ आहेत.

पाहणाऱ्याने नकाशा मोठा केला की आधीच्या पातळीची टाइल ताणून दाखवली जाते. ती क्षणभर धूसर दिसते. नव्या चार टाइल आल्या की त्यांच्या खाली ती झाकली जाते. नकाशा लहान केला, तर आधीच्या चार टाइल आक्रसून एकीच्या जागी बसवतात. नवी टाइल एकदम न आणता तिचा रंग हळूहळू गडद केला जातो, म्हणजे डोळ्याला धक्का बसत नाही. पडद्याच्या कडेबाहेरची एखादी ओळ आधीच मागवून ठेवतात. एकदा आलेल्या टाइल फोनमध्ये साठवल्या जातात, त्यामुळे मागे फिरून आले तर त्या पुन्हा आणाव्या लागत नाहीत. आणि झरझर पुढे जाणाऱ्याने वाटेत मागवलेल्या, परंतु आता नको असलेल्या टाइलची मागणी रद्द केली जाते; अन्यथा नको असलेल्या टाइलच्या गर्दीत हवी असलेली खोळंबते.

ही साठवण आपल्या परिचयाच्या प्रसंगी फार उपयोगी पडते. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक एकत्र येतात. टॉवरची क्षमता ठरलेली असते. फोन वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. अशा वेळी बाहेरगावाहून आलेल्याने त्या परिसराचा नकाशा आदल्या दिवशी घरीच उतरवून ठेवला असेल, तर नेटवर्क नसतानाही तो बोटाबरोबर सरकतो. अनेक नकाशा-ॲपमध्ये ही सोय असते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ती एकदा करून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

चित्राऐवजी माहिती

आतापर्यंत आपण टाइल म्हणजे तयार चित्र असे धरले. सुमारे २०१४ पासून दुसरी पद्धत मूळ धरू लागली. तिच्यात सर्व्हर चित्र पाठवत नाही, तर चित्र काढण्याची सामग्री पाठवतो: हा रस्ता या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, हा तलाव, हे गाव, हे त्याचे नाव. चित्र फोन स्वतः काढतो. यांना व्हेक्टर टाइल म्हणतात. २०११ मध्ये आलेल्या वेबजीएल या तंत्रामुळे ब्राउझरला ग्राफिक्स प्रोसेसरकडून थेट काम करवून घेता येऊ लागले, आणि म्हणूनच हे शक्य झाले.

तिचे लाभ स्पष्ट आहेत. तयार चित्र दोन पातळ्यांच्या मधल्या स्थितीत धूसर होते. व्हेक्टर नकाशा कोणत्याही मधल्या स्थितीत रेखीव राहतो. तो फिरवता येतो, तिरपा करता येतो आणि नावे सरळ ठेवता येतात. एकाच सामग्रीतून दिवसाचा उजळ आणि रात्रीचा गडद असे दोन्ही नकाशे निघतात. गावाचे नाव अनेक भाषांत पाठवून पाहणाऱ्याच्या भाषेतील दाखवता येते. मात्र काढण्याचे सारे ओझे आता फोनवर येते. ज्याचा फोन जुना, त्याचा नकाशा जड. म्हणून तयार चित्रांची पद्धत आजही टाकाऊ झालेली नाही. २०११ मध्ये कीव्ह शहरातील व्होलोदिमिर अगाफोंकिन यांनी तयार केलेले लीफलेट हे हलकेफुलके साधन प्रामुख्याने त्याच पद्धतीचे आहे आणि जगभर वापरले जाते.

भाषेच्या बाबतीत एक मुद्दा विशेष सांगण्याजोगा आहे. नकाशा झपाट्याने हलावा म्हणून काही व्हेक्टर साधनांनी प्रत्येक अक्षरचिन्हाचा ठसा आधीच तयार ठेवण्याची युक्ती योजली. नाव दाखवायचे म्हणजे ते ठसे एकापुढे एक ठेवायचे. रोमन लिपीला हे मानवते, कारण तिच्यात अक्षरे शेजारी शेजारी बसतात. देवनागरीत तसे नसते. ‘सिंधुदुर्ग’ या एका नावात उच्चाराने नंतर येणारी वेलांटी आधी बसते, उकार खाली जातो आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ठसे नुसते ओळीने ठेवले, की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. मराठी नावे अशा मोडक्या रूपात दाखवणारे नकाशे अनेक वर्षे दिसत आले. येथे दोष लिपीचा नव्हता. वेग साधणारी युक्ती योजताना कोणाची लिपी डोळ्यांसमोर ठेवली होती, हा प्रश्न होता. यावर उपाय आहेत: संपूर्ण शब्दाचे चित्र फोनच्या स्वतःच्या अक्षरयंत्रणेकडून करून घेणे, किंवा जोडाक्षरे जुळवण्याचे नियम साधनातच घालणे. दोन्हींना थोडे अधिक काम पडते, पण नाव शुद्ध दिसण्यासाठी ते करणे योग्यच आहे.

काय ठेवायचे, काय वगळायचे

नकाशा हलका ठेवण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे त्यात कमी भरणे. कोकणचा किनारा हजारो बिंदूंनी नोंदलेला असतो. संपूर्ण महाराष्ट्र एका पडद्यावर दाखवताना त्यांतील बहुतेक बिंदू एकाच पिक्सेलवर पडतात, म्हणजे व्यर्थ जातात. अशा रेषा सुलभ करण्याची एक प्रसिद्ध रीत डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर यांनी १९७३ मध्ये मांडली. रेषेची दोन टोके सरळ जोडायची. त्या सरळ रेषेपासून सर्वांत दूर असलेला बिंदू शोधायचा. ते अंतर ठरावीक मर्यादेहून कमी असेल तर मधले सारे बिंदू गाळायचे; अधिक असेल तर तो बिंदू ठेवून रेषेचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागावर हीच क्रिया करायची. अशा रीतीने खाडीचे मोठे वळण टिकते आणि बारीक सुरकुत्या जातात.

येथे शेतकरी पालकांसाठी एक इशारा आवश्यक आहे. महाराष्ट्रात गावांचे गटनिहाय नकाशे आता ‘महाभूनकाशा’ या शासकीय सेवेवर पाहता येतात, आणि इतरही अनेक ॲप शेताच्या हद्दी दाखवतात. पडद्यावरील रेष ही दाखवण्यासाठी सुलभ केलेली असू शकते. शेजारच्या दोन गटांच्या हद्दी स्वतंत्रपणे सुलभ केल्या, तर त्यांच्यामध्ये फट पडते किंवा त्या एकमेकींवर चढतात. प्रत्यक्ष जमिनीवर तसे काही नसते. शिवाय अठराव्या पातळीवरही आपल्या अक्षांशांत एक पिक्सेल म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक जमीन. तेव्हा बांधाचा वाद फोनवरील रेषेवरून मिटवू नये आणि वाढवूही नये. त्यासाठी रीतसर मोजणीच लागते.

वगळण्याचा दुसरा प्रसंग नावांचा. एका पडद्यावर शंभर नावे मावत नाहीत. दोन नावे एकमेकांवर आली की एक ठेवावे आणि एक लपवावे लागते. कोणते ठेवायचे हे यंत्र आधी दिलेल्या क्रमाने ठरवते: शहर आधी, मग गाव, मग वाडी-वस्ती. हा क्रम सोयीचा आहे, पण त्याचा परिणाम असा, की लहान वस्तीचे नाव सर्वांत शेवटी उमटते. ज्या वस्तीची मूळ माहितीत नोंदच नाही, तिचे नाव कितीही मोठे करून पाहिले तरी दिसत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांच्या बाबतीत हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. नकाशावर नाव नसले की रुग्णवाहिका चालक असो वा घरपोच सेवा देणारा मुलगा, त्याला विचारत विचारत यावे लागते. नाव लपणे आणि नाव नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तांत्रिक गरज आहे, दुसरी दुरुस्त करण्याजोगी उणीव.

साठवलेले जुने नाव

वेगासाठी केलेल्या साठवणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. साठवलेली टाइल ही जुन्या क्षणाची प्रत असते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. अशी एखादी पाटी गावात बदलली, म्हणजे पडद्यावरील नाव त्याच दिवशी बदलते असे नाही. आधी मूळ माहितीत बदल व्हावा लागतो. मग सर्व्हरने त्या भागाच्या टाइल सर्व पातळ्यांवर नव्याने तयार कराव्या लागतात. त्यानंतर ठिकठिकाणी साठवलेल्या जुन्या प्रतींची मुदत संपावी लागते आणि शेवटी पाहणाऱ्याच्या फोनमधील प्रत जावी लागते. यांतील एक पायरी जरी राहिली, तरी जे नाव समाजाने टाकून दिले ते पडद्यावर तसेच सरकत राहते.

यासाठी प्रत्येक टाइलला मुदत घालून दिलेली असते. मुदत लांब ठेवली तर नकाशा वेगवान पण शिळा. आखूड ठेवली तर ताजा पण सावकाश. डोंगर आणि नद्या सहसा बदलत नाहीत, त्यांची मुदत लांब ठेवावी. नावे आणि रस्ते बदलतात, त्यांची आखूड ठेवावी. दोन्ही प्रकारची माहिती वेगवेगळ्या थरांत ठेवली, तर दोन्ही साधते. मूळ माहितीच्या दुरुस्तीसाठीही आता मार्ग आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणालाही खाते उघडून आपल्या भागाची नोंद करता येते किंवा सुधारता येते. नोंद करताना नियम एकच पाळावा: जे प्रत्यक्ष जागेवर आहे, तेच लिहावे.

दूरची झेप

आता गतीचा एक सुंदर प्रश्न. समजा, पडद्यावर मुंबईतील एक गल्ली आहे आणि शोधपेटीत नागपूरमधील पत्ता टाकला. नकाशाने तेथे कसे जावे? सोळाव्या पातळीवर सरळ सरकत गेल्यास ३६० पिक्सेल रुंदीचे सुमारे ८०० पडदे ओलांडावे लागतात. ते दोन-तीन सेकंदांत करायचे म्हटले, तर डोळ्यांपुढे केवळ रंगांचा झोत येईल. शिवाय वाटेतील सर्व टाइल मागवाव्या लागतील. एकदम उडी मारली, तर आपण कोठून कोठे आलो याचे भान राहत नाही.

नेदरलँड्समधील यार्के वान वाईक आणि विम नॉय यांनी २००३ मध्ये याचे गणिती उत्तर मांडले. नकाशा आधी वर उचलायचा, वरच्या पातळीवर सरकवायचा आणि मग खाली उतरवायचा. घार जशी उंच जाऊन लांबचे अंतर कापते, तसे. सहाव्या पातळीवर मुंबई आणि नागपूर यांच्यातील पूर्व-पश्चिम अंतर २८३ पिक्सेलांचे होते, म्हणजे दोन्ही शहरे एकाच पडद्यावर येतात. किती उंच जायचे आणि कोठून वळायचे हे असे ठरवले जाते, की पाहणाऱ्याला सगळा वेळ वेग सारखाच भासावा. क्षणभर का होईना, दोन्ही शहरे एकत्र दिसल्यामुळे दिशा आणि अंतर मनात ठसते. येथे गती हीच माहिती देते.

तथापि सर्वांनाच गती सुखावत नाही. काहींना पडद्यावरील वेगवान हालचालींनी भोवळ येते, मळमळते. अशांसाठी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची निवड असते. नकाशा करणाऱ्याने ती तपासून, निवडलेली असल्यास झेप न घेता थेट त्या ठिकाणी जावे.

ज्यांना नकाशे करायचे आहेत त्यांच्यासाठी

आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात आहेत. काही जण ग्रंथालये, वसतिगृहे, बुद्धलेणी, आरोग्य शिबिरे यांचे नकाशे तयार करू पाहतात. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, पडद्यावर दिसते तेवढेच मागवावे. हजारो खुणा एकदम न मांडता जवळजवळच्या खुणांचा एक गट करून त्यावर संख्या दाखवावी, आणि नकाशा मोठा केला की गट फुटू द्यावा. रेषा पातळीनुसार सुलभ कराव्यात, पण मूळ माहिती जपून ठेवावी. मराठी नावे जोडाक्षरांसह नीट उमटतात का, हे डोळ्यांनी पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपले काम कार्यालयातील उत्तम संगणकावर न तपासता सर्वांत स्वस्त फोनवर, गावातील नेटवर्कवर तपासावे. तेथे जो नकाशा चालतो, तो सर्वत्र चालतो. याच्या उलट होत नाही.

या साऱ्यासाठी लागणारी मुख्य सामग्री शाळेच्या वर्गातच मिळते. अक्षांश-रेखांश भूगोलात आहेत, चौपटीने वाढणारी श्रेणी गणितात, वेग आणि मंदन विज्ञानात, वेलांटी आणि रफार मराठीत. हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात, पण एका लहानशा पडद्यावर ते एकत्र येऊन काम करतात. आपल्या विद्यालयात आज शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या वस्तीचा नकाशा एकदा कागदावर स्वतः काढावा. विहीर, शाळा, विहार, दवाखाना, बसथांबा यांच्या जागा आणि खरी नावे लिहावीत. मग तो फोनवरील नकाशाशी ताडून पाहावा. ज्या जागा तेथे सापडणार नाहीत, त्यांची यादी हा त्यांचा पहिला स्वाध्याय ठरेल. ती यादी घेऊन जो विद्यार्थी आमच्यापैकी कोणाकडेही येईल, त्याच्या शेजारी बसून ती नकाशावर नोंदवण्यास आम्ही सदैव सिद्ध आहोत.